सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स: तीन वाक्यप्रकारांची कुळकथा

इंग्रजी व्याकरणात रचनेवरून वाक्याचे तीन प्रकार मानतात. ज्यात एकच विधान असते ते सिंपल. दोन किंवा अधिक बरोबरीची विधाने ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ अशा शब्दांनी जोडली की कंपाउंड. एक विधान मुख्य आणि बाकीची त्याच्यावर अवलंबून असली की कॉम्प्लेक्स. मराठी शाळांत हेच प्रकार केवल, संयुक्त आणि मिश्र या नावांनी शिकवले जातात. ही त्रयी इतकी अंगवळणी पडली आहे की ती भाषेच्या स्वभावातच असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिचे वय फार तर दोनशे वर्षे आहे. त्याआधी कित्येक शतके दोनच प्रकारांवर भागत होते, आणि आज ज्याला कॉम्प्लेक्स म्हणतात ते वाक्य निमूटपणे कंपाउंडच्या घरात राहत होते.

या विभागणीचे मूळ व्याकरणात सापडत नाही, ते तर्कशास्त्रात सापडते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीसमधल्या स्टोइक पंथाच्या विचारवंतांनी, विशेषतः क्रायसिपसने, विधानांचे दोन वर्ग केले: साधी आणि साधी नसलेली. ‘दिवस आहे’ हे साधे विधान. ‘दिवस असेल तर उजेड आहे’ हे दुसऱ्या वर्गातले. त्या दुसऱ्या वर्गात ‘जर’ने, ‘आणि’ने, ‘किंवा’ने, ‘कारण’ने जोडलेली सगळीच विधाने एकत्र होती. कोणते विधान वरचढ आणि कोणते दुय्यम, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. कोणत्या जोडणीत कधी सत्य निघते आणि कधी असत्य, एवढेच त्यांना पाहायचे होते.

ग्रीक आणि लॅटिन वैयाकरणांचे लक्ष तर शब्दावरच खिळलेले होते. डायोनिसियस थ्रॅक्सच्या परंपरेने शब्दांच्या आठ जाती दिल्या आणि पूर्ण अर्थ सांगणारा शब्दसमूह म्हणजे वाक्य, एवढ्यावर वाक्याची बोळवण केली. सहाव्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिशियनने अठरा खंडांचे लॅटिन व्याकरण लिहिले. त्यातले शेवटचे दोनच खंड वाक्यरचनेला मिळाले. लांब वाक्य कसे बांधावे हा विषय वक्तृत्वशास्त्राकडे होता. ॲरिस्टॉटलने माळेसारखी ओवत नेलेली आणि वळण घेऊन स्वतःपाशी परत येणारी अशा दोन शैली सांगितल्या खऱ्या, पण तो भेद कानाचा आणि श्वासाचा होता, व्याकरणाचा नव्हता. भारतात कात्यायनाने ज्यात एकच तिङन्त क्रियापद असते ते वाक्य अशी व्याख्या केली होती. क्रियापद मोजून वाक्य ठरवायचे ही युक्ती पुढच्या इंग्रजी व्याख्येशी मिळतीजुळती दिसते, पण कात्यायनापुढे प्रश्न स्वराघाताचा होता आणि या दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही.

पुढचे पाऊल फ्रान्समध्ये पडले. पॅरिसजवळच्या पोर्ट-रॉयल मठाशी संबंधित विद्वानांनी १६६० मध्ये एक सर्वसामान्य व्याकरण आणि १६६२ मध्ये एक तर्कशास्त्र प्रसिद्ध केले. व्याकरणाचे कर्ते आंत्वान आर्नो आणि क्लोद लांस्लो, तर्कशास्त्राचे आर्नो आणि पिएर निकोल. व्याकरणातल्या संबंधी सर्वनामांच्या प्रकरणात त्यांनी एक छोटे वाक्य उलगडून दाखवले: अदृश्य देवाने दृश्य जग निर्माण केले. दिसायला ते एकच विधान आहे. मनात मात्र तीन विधाने घडतात. देव अदृश्य आहे, त्याने जग निर्माण केले, जग दृश्य आहे. यातले मधले मुख्य, बाकीची दोन त्याच्या पोटात बसलेली. कधी ती विशेषणाच्या रूपाने लपून राहतात, तर कधी ‘जो अदृश्य आहे’ अशी उघड बाहेर येतात. तर्कशास्त्राच्या ग्रंथात त्यांनी ज्यात अनेक विधाने शेजारी-शेजारी उभी असतात ते संयुक्त आणि ज्याच्या एखाद्या पदातच दुसरे विधान दडलेले असते ते संकुल, असा फरकही केला. म्हणजे तिसऱ्या प्रकाराची कल्पना सतराव्या शतकातच तयार होती. अठराव्या शतकात निकोला बोझेसारख्या फ्रेंच वैयाकरणांनी ती आणखी घोटली. इंग्रजी शाळेत पोहोचायला तिला जवळजवळ दोन शतके लागली.

इंग्लंडमध्ये त्या काळात व्याकरण म्हणजे बहुतेक लॅटिन साच्यात ओतलेली शब्दविचाराची पुस्तके. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ या धर्मोपदेशकाने इंग्रजी व्याकरणाची छोटी ओळख लिहिली. हाच पुढे लंडनचा बिशप झाला. त्याने वाक्ये दोन प्रकारची ठरवली: साधी आणि जोडलेली. एक कर्ता आणि काळ-पुरुष दाखवणारे एक क्रियापद असले की साधे. १७९५ मध्ये लिंडले मरेने हीच विभागणी जवळपास जशीच्या तशी उचलली. मरे जन्माने अमेरिकन, पेशाने वकील आणि पंथाने क्वेकर. प्रकृतीच्या कारणाने तो इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला आणि तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने व्याकरण लिहिले. उदाहरण म्हणून त्याने हिपोक्रेटिसचे प्रसिद्ध वचन घेतले. आयुष्य थोडे आहे, एवढा अर्धा भाग साधे वाक्य. विद्या मात्र अफाट आहे हा दुसरा भाग जोडला की संयुक्त. मरेच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या मुलांनी दोनच प्रकार पाठ केले. ‘इफ’ने जोडलेले आणि ‘अँड’ने जोडलेले वाक्य एकाच पंगतीला बसत होते, म्हणजे स्टोइकांनी सोडले तिथेच.

ही पंगत मोडली जर्मनीत. १८२० च्या दशकात सायमन हर्लिंगने जर्मन वाक्यरचनेवर लिहिताना मुख्य आणि गौण उपवाक्ये वेगळी काढली. त्या विचाराला पूर्ण पद्धतीचे रूप दिले कार्ल फर्डिनांड बेकरने. बेकर डॉक्टर होता, ऑफेनबाखमध्ये स्थायिक झाल्यावर तो शिक्षणाकडे वळला. १८२७ मध्ये त्याचा भाषा ही सजीव देहासारखी आहे असे मांडणारा ग्रंथ आला, १८३१ मध्ये शालेय व्याकरण. त्याच्या मते वाक्य शब्दांच्या जातींनी बनत नाही, वाक्यातल्या कामांनी बनते, आणि कोणतेही काम शब्दाकडून वाढून उपवाक्याकडे जाऊ शकते. नाम फुलले की नामवाक्य होते, विशेषण फुलले की विशेषणवाक्य, क्रियाविशेषण फुलले की क्रियाविशेषणवाक्य.

‘व्हेन द रेन स्टॉप्ड, द फार्मर हू ओन्ड द फील्ड सेड दॅट ही वुड सो ॲट वन्स’ या वाक्यात तिन्ही गौण उपवाक्ये भेटतात. मुख्य सांगाडा ‘द फार्मर सेड’ एवढाच. पाऊस थांबल्यावर हा काळ सांगणारा भाग क्रियाविशेषणाचे काम करतो, शेताचा मालक असलेला हा भाग विशेषणाचे, आणि तो काय म्हणाला ते सांगणारा शेवटचा भाग कर्माच्या जागी, म्हणजे नामाचे. मरेच्या हिशेबाने हे नुसते कंपाउंड ठरले असते. बेकरच्या नजरेने पाहिले की त्यात बरोबरीचे काहीच नाही; सगळे एकाच मुख्य सांगाड्याला लटकलेले आहे. शालेय परीक्षेत ‘ॲट सनराइज’चे ‘व्हेन द सन रोज’ करायला सांगतात, तो प्रश्न म्हणजे बेकरच्या सिद्धान्ताचा उरलेला अंश आहे. प्रश्न विचारणाऱ्यालाही ते सहसा ठाऊक नसते.

जर्मनीतच बेकरवर कडाडून टीका झाली. १८५५ मध्ये हाइमान श्टाइनथालने व्याकरण आणि तर्कशास्त्र यांची बेकरने गल्लत केली असे दाखवून त्याची विद्वत्तेतली पत उतरवली. पण तोवर पद्धत शाळांच्या हाती लागली होती. १८५२ मध्ये इंग्लंडचे शाळा-निरीक्षक जे. डी. मॉरेल यांनी बेकरच्या पद्धतीवर वाक्यपृथक्करणाचे पुस्तक काढले. अमेरिकेत सॅम्युअल ग्रीनने १८४० च्या दशकाच्या अखेरीस पृथक्करणाला व्याकरणाचा गाभा केले. मुलांना काय आवडेल यापेक्षा काय तपासता येईल, हे या यशामागचे खरे कारण असावे. वाक्याचे तुकडे रकान्यांत भरायला दिले की उत्तर बरोबर की चूक हे एका नजरेत कळते. १८७७ मध्ये ब्रुकलिनच्या अलॉन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी रकान्यांऐवजी रेषा आणल्या: आडव्या रेषेवर कर्ता आणि क्रियापद, मध्ये उभा छेद, विशेषणे तिरप्या रेषांवर खाली टांगलेली, गौण उपवाक्य खालच्या रेषेवर तुटक रेषेने जोडलेले. अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या या आकृत्या काढत वाढल्या.

भारतात ही त्रयी आली ती परीक्षांबरोबर. उत्तर भारतातल्या शिक्षणखात्यात काम केलेल्या जे. सी. नेसफील्डची पुस्तके १८९० च्या दशकात प्रसिद्ध झाली आणि मॅट्रिकच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात जाऊन बसली. पुढे १९३० च्या दशकात मुंबईहून रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण निघाले. यातला पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची कादंबरी लिहिणारा कादंबरीकार. त्याआधी तो मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात होता. कादंबऱ्या आता क्वचितच कोणी वाचत असेल, व्याकरण मात्र अजून खपते.

मराठी शालेय व्याकरणाने हा सारा संसार जवळपास भांड्याकुंड्यांसह आणला. इंग्रजी पुस्तकांत बरोबरीची जोडणी करणारी अव्यये चार प्रकारची सांगतात: भर घालणारी, पर्याय देणारी, विरोध दाखवणारी आणि निष्कर्ष काढणारी. मराठीत प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्ययांचे चार प्रकार शिकवतात ते समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक आणि परिणामबोधक. चौघांची जोडी चौघांशी बरोबर लागते. मिश्र वाक्यातही नाम, विशेषण आणि क्रियाविशेषण हीच तिहेरी वाटणी. मराठीचा स्वभाव मात्र या मापात सहज मावत नाही. ‘घरी येऊन, जेवून, अंथरुणावर पडून तो झोपी गेला’ हे चार क्रियांचे वाक्य केवल ठरते, कारण मुख्य क्रियापद एकच.

जोडणीच्या शब्दावर सगळे अवलंबून ठेवल्याने गमती होतात. ‘पाऊस आला म्हणून शाळा सुटली’ हे संयुक्त, आणि ‘शाळा सुटली कारण पाऊस आला’ हे मिश्र. घटना तीच, कार्यकारण तेच. फक्त ‘म्हणून’ परिणामबोधकात आणि ‘कारण’ गौणत्वसूचकात नोंदवलेले आहे. इंग्रजीतही ‘बिकॉज’ आले की कॉम्प्लेक्स आणि त्याच अर्थाचे ‘फॉर’ आले की कंपाउंड. ‘फॉर’ने सुरू होणारे उपवाक्य वाक्याच्या आरंभी नेता येत नाही, ‘बिकॉज’चे नेता येते, एवढा रचनेतला फरक त्यामागे आहे. तो सांगितला तर नियम पटतो, पण पाठ्यपुस्तके तो सहसा सांगत नाहीत.

सर्वांत मुळाशी जाणारा आक्षेप डेन्मार्कच्या ओटो येस्पर्सनने १९२४ मध्ये ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात घेतला: मुख्य वाक्य म्हणजे नेमके काय? ‘व्हॉट यू से इज ट्रू’ यातून गौण उपवाक्य वजा केले तर उरते ‘इज ट्रू’, आणि ते वाक्यच नाही. गौण म्हटलेला भाग इथे कर्त्याच्या जागी आहे; तो काढला की मुख्य म्हटलेले कोसळते. म्हणून मुख्य आणि गौण अशी दोन वाक्ये शेजारी ठेवून बेरीज करण्याऐवजी एका वाक्याच्या पोटात दुसरे, अशी मांडणी त्याने सुचवली. पोर्ट-रॉयलच्या लेखकांना ती ओळखीची वाटली असती.

त्यानंतर नावांत फेरबदल होत राहिले. रेन-मार्टिनमध्येच दोन प्रधान वाक्यांच्या कंपाउंडला ‘डबल’ आणि त्याहून अधिक असल्यास ‘मल्टिपल’ म्हणण्याची सूचना आहे. अमेरिकन पाठ्यपुस्तकांनी ज्यात बरोबरीची आणि गौण अशी दोन्ही उपवाक्ये असतात त्यासाठी ‘कंपाउंड-कॉम्प्लेक्स’ हा चौथा प्रकार काढला. १९८५ मध्ये रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या बृहद् व्याकरणाने आधी सिंपल आणि मल्टिपल असे दोन भाग केले आणि मग मल्टिपलचे कंपाउंड व कॉम्प्लेक्स असे पोटभेद ठेवले. २००२ मध्ये केंब्रिजने प्रसिद्ध केलेल्या रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या व्याकरणाने बेकरची तिहेरी वाटणीच मोडली. विशेषणवाक्याचे संबंधी उपवाक्य झाले, नामवाक्याचे आशय-उपवाक्य झाले, आणि ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘बिफोर’ यांना शब्दयोगी ठरवल्यामुळे क्रियाविशेषणवाक्य हा वर्ग उरलाच नाही.