होमब्रूचं चांगलं दुकान कसं ओळखायचं? अमेरिकेतल्या मोठ्या शहरात राहणाऱ्यांसाठी सोपी गाईड

शिक्षण किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या अनेक मराठी तरुणांना तिथं एक वेगळाच छंद दिसतो. शेजारी किंवा ऑफिसमधला सहकारी घरच्या स्वयंपाकघरात बिअर बनवत असतो, आणि तीही कायद्याच्या चौकटीत राहून. यालाच 'होमब्रूइंग' म्हणतात. पण याचं सामान सुपरमार्केटमध्ये मिळत नाही. त्यासाठी वेगळी दुकानं असतात. मोठ्या शहरात अशी दोन-चार दुकानं असली, तर त्यातलं चांगलं कोणतं हे नव्या माणसाला कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सगळं ऑनलाइन मिळत असताना दुकानाची एवढी चौकशी कशाला? कारण बिअरचा कच्चा माल हा भाजीपाल्यासारखा असतो. तो शिळा होतो. शिळं यीस्ट किंवा जुने हॉप्स वापरले तर महिनाभराची मेहनत मोरीत ओतावी लागते. चुकीचा सल्ला मिळाला तर काचेची बाटली फुटून इजाही होऊ शकते. म्हणून हे समजून घेणं गरजेचं आहे.

आधी कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाईन बनवायला मुभा मिळाली, पण घरच्या बिअरला मिळाली नाही. ही अडचण दूर व्हायला तब्बल ४५ वर्षं लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी संबंधित विधेयकावर सही केली आणि १९७९ पासून घरी बिअर बनवणं केंद्रीय कायद्यानुसार वैध झालं.

त्यालाही मर्यादा आहेत. घरात एकच प्रौढ व्यक्ती असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर. दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. ही बिअर विकता येत नाही. घरी दारू गाळायला, म्हणजे व्हिस्की-रम बनवायला, ही सवलत लागू होत नाही. राज्यांचे नियम आणखी वेगळे असतात. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ मध्ये परवानगी दिली. शिवाय दारू पिण्याचं किमान वय २१ आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

ब्रिटनमध्ये ही मोकळीक आधीच मिळाली होती. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरच्या बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला.

महाराष्ट्रात हे चालतं का?

नाही. भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते स्वतःसाठी का असेना. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या 'डूलाली'पासून पुढे आलेल्या मायक्रोब्रुअरी परवाना घेऊन चालतात. त्यामुळे परदेशात शिकलेला हा छंद सुट्टीत गावी येऊन करून बघण्याच्या फंदात पडू नये.

या दुकानात नेमकं मिळतं काय?

बिअरला चार गोष्टी लागतात. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून सत्व करतात, तसाच हा प्रकार. हॉप्स ही एका वेलीची फुलं. बिअरला कडवटपणा आणि वास देण्याचं काम ती करतात. बहुतेक वेळा ती दाबून बनवलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. यीस्ट माल्टमधली साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

याशिवाय झाकणाची बादली किंवा काचेचा मोठा बुधला, वायू बाहेर सोडणारा एअरलॉक, साखरेचं प्रमाण मोजणारं हायड्रोमीटर, बाटल्या, झाकणं आणि सॅनिटायझर हे सामानही इथंच मिळतं.

दुकान शोधायचं कुठं?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मॅपवर 'होमब्रू सप्लाय' असं शोधणं. पण तेवढ्यावर थांबू नका. यातली बरीच दुकानं वाईन किंवा चीज बनवण्याचं सामानही विकतात आणि पाटीवर तेच नाव असतं. त्यामुळे 'वाईन मेकिंग' असंही शोधून बघा.

दुसरा मार्ग म्हणजे 'अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन'. १९७८ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी ही संस्था सुरू केली. दुकानं आणि क्लब यांची यादी संस्थेच्या वेबसाइटवर मिळते.

तिसरा मार्ग फारसा कुणी सांगत नाही. शहरात होणाऱ्या होमब्रू स्पर्धांची माहिती काढा. स्पर्धकांच्या बाटल्या जमा करण्याची ठिकाणं जाहीर केलेली असतात आणि त्यात अनेकदा होमब्रूची दुकानं असतात. आयोजक ज्या दुकानावर विश्वास टाकतात, तिथं जाणकारांची ये-जा असते असं समजायला हरकत नाही.

जवळच्या छोट्या ब्रुअरीत काम करणाऱ्यांना विचारलं तरी उत्तर मिळतं, कारण त्यातल्या अनेकांची सुरुवात घरूनच झालेली असते. दुकान सापडलं की निघण्याआधी फोन करा. ही दुकानं लहान असतात आणि काही दुकानं आठवड्यातले एक-दोन दिवस बंद असतात.

चांगलं दुकान ओळखायचं कसं?

१. आधी फ्रिज बघा. द्रवरूप यीस्ट जिवंत असतं. ते थंडच ठेवावं लागतं आणि सहा महिन्यांच्या आत वापरलेलं बरं. पाकिटावरची तारीख वाचा. कोरडं यीस्ट जास्त टिकतं, पण तेही थंड जागी असलेलं चांगलं. तारीख उलटलेली पाकिटं सर्रास मांडलेली दिसली, तर त्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि लक्षही कमी, असं समजा.

२. हॉप्स कुठं ठेवलेत? उष्णता, प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन हे हॉप्सचे तीन शत्रू. चांगलं दुकान ते हवाबंद, प्रकाश आत न जाणाऱ्या पाकिटात आणि फ्रिजमध्ये ठेवतं. पाकिटावर पिकाचं वर्ष आणि कडवटपणा ठरवणाऱ्या अल्फा आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं. खराब झालेल्या हॉप्सना जुनाट चीजसारखा वास येतो. पारदर्शक बरणीत, खिडकीच्या उन्हात ठेवलेले हॉप्स फुकट दिले तरी घेऊ नका.

३. माल्ट भरडून मिळतो का? अख्खा माल्ट बरेच महिने टिकतो, भरडलेला मात्र लवकर मऊ पडतो. म्हणून चांगल्या दुकानात गिरणी असते आणि तुमच्यासमोर हवा तेवढाच माल्ट भरडून देतात. इथं 'भरडणे' हाच शब्द बरोबर आहे. गव्हासारखं बारीक पीठ करायचं नसतं. दाणा फुटला पाहिजे, पण साल शाबूत राहिलं पाहिजे. पुढे गाळताना तीच सालं गाळणीचं काम करतात. पीठ झालं तर सगळा लगदा होतो आणि पाणी खाली उतरतच नाही. एक दाणा चावून बघितला तरी कळतं. तो कुरकुरीत लागला पाहिजे, चिवट नाही.

४. सुटं सामान मिळतं का? एखाद्या रेसिपीला भाजलेला काळा माल्ट फक्त १०० ग्रॅम लागतो. तेवढाच तोलून देणारं दुकान कामाचं. किमान अर्धा किलोचं पाकीट घ्याच असा आग्रह असेल तर उरलेला माल घरी पडून राहतो.

५. दुकानदार तुम्हाला प्रश्न विचारतो का? हे सगळ्यात महत्त्वाचं. घरात खोलीचं तापमान किती असतं? भांडं किती लिटरचं आहे? शेगडी गॅसची की इलेक्ट्रिक? हे प्रश्न आधी विचारणारा माणूस तुमची बिअर नीट व्हावी म्हणून बोलतोय. काही न विचारता सगळ्यात महागडा सेट पुढे सरकवणाऱ्यापासून सावध राहा.

सुरक्षेचा सल्ला मिळतो की नाही?

होमब्रूइंगमधला खरा धोका बाटल्या फुटण्याचा. बाटलीत भरताना फेस यावा म्हणून थोडी साखर घालतात. १९ लिटरला साधारण ११० ते १४० ग्रॅम. ती जास्त पडली, किंवा बिअर पूर्ण आंबण्याआधीच बाटलीत भरली, तर आत वायूचा दाब वाढत जातो आणि काच फुटते. त्यामुळे दोन-तीन दिवसांच्या अंतरानं हायड्रोमीटरचं मोजमाप घ्यायचं आणि ते सारखंच आलं तरच बाटल्या भरायच्या. पहिल्यांदा आलेल्या माणसाला हे सांगणारं दुकान चांगलं.

दुसरा मुद्दा स्वच्छतेचा. धुणं आणि निर्जंतुक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी मळ काढायचा, मग सॅनिटायझर वापरायचं. ही दुकानं आम्लयुक्त सॅनिटायझर विकतात. ते सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळलं तर नंतर पुन्हा धुवावं लागत नाही. मात्र ते घरातल्या ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

ज्यांना बिअर पिंपात भरायची असते ते कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेतात. अमेरिकेत या सिलिंडरची दर पाच वर्षांनी चाचणी व्हावी लागते आणि ती तारीख सिलिंडरवर कोरलेली असते. जुना सिलिंडर घेताना ती बघूनच घ्या.

पहिल्या फेरीत काय घ्यावं?

नव्या माणसानं तयार माल्टच्या पाकाचं, म्हणजे एक्स्ट्रॅक्टचं, किट घेतलेलं सोपं पडतं. पाकाच्या डब्यावरचीही तारीख बघा, कारण जुना पाक काळपट होतो. नेहमीचं किट १९ लिटरचं असतं. त्यातून ३५५ मिलिच्या साधारण ५० बाटल्या होतात. छोट्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी चार लिटरचं किट बरं. भांडं लहान चालतं आणि बिघडलं तरी नुकसान कमी.

सुरुवात 'एल' प्रकारच्या बिअरनं करा. ती साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबते. 'लागर'ला बरंच कमी तापमान लागतं आणि त्यासाठी वेगळा फ्रिज लागतो. एलला आंबायला साधारण दोन आठवडे आणि बाटलीत फेस धरायला आणखी दोन आठवडे लागतात. हायड्रोमीटर मात्र पहिल्याच दिवशी घ्या. पैसे वाचवायला नवे लोक नेमकं तेच टाळतात. किटमध्ये असलं तरी एक जादा ठेवा, कारण काचेचं असतं आणि हमखास फुटतं.

ही दुकानं एवढी महत्त्वाची का?

कारण अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरचा इतिहास या दुकानांच्या काउंटरवरून गेलेला आहे. पोर्टलंडमधलं 'एफ. एच. स्टाइनबार्ट' १९१८ मध्ये सुरू झालं आणि ते देशातलं सर्वात जुनं होमब्रू दुकान मानलं जातं. लॉस एंजेलिसच्या वुडलंड हिल्स भागातल्या एका दुकानातून १९७४ मध्ये 'माल्टोज फाल्कन्स' हा क्लब उभा राहिला. तेव्हा घरची बिअर कायदेशीरसुद्धा नव्हती. आज तो देशातला सर्वात जुना होमब्रू क्लब म्हणून ओळखला जातो. कॅलिफोर्नियातल्या चिको शहरात केन ग्रॉसमन यांनी १९७६ मध्ये होमब्रूचं दुकान टाकलं होतं. पुढे त्यांनीच 'सिएरा नेव्हाडा' ही ब्रुअरी उभी केली.

आज मात्र या दुकानांची स्पर्धा थेट ऑनलाइन विक्रीशी आहे. बादल्या, नळ्या, बाटल्या ऑनलाइन स्वस्त मिळू शकतात. पण ऐन उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापलेलं यीस्ट कोणत्या अवस्थेत घरी पोचेल, याची खात्री नसते. रविवारी दुपारी माल्ट उकळून तयार असताना यीस्टचं पाकीट खराब निघालं, तर पार्सलची वाट बघता येत नाही. तेव्हा अर्ध्या तासावरचं दुकानच कामाला येतं.

म्हणून साधा हिशोब ठेवा. टिकाऊ सामान जिथं परवडेल तिथून घ्या. यीस्ट, हॉप्स आणि माल्ट मात्र जवळच्या चांगल्या दुकानातून घ्या. दुकानात उभं राहून तासभर सल्ला घ्यायचा आणि माल फोनवरून दुसरीकडून मागवायचा, असं सगळ्यांनीच केलं तर पुढच्या वेळी सल्ला द्यायला तिथं कुणी नसेल.