वाट तुंबते तेव्हा

2012 साली खाणी थांबण्यापूर्वी डिचोलीहून मांडवीच्या धक्क्यांकडे निघालेल्या खनिजाच्या ट्रकांच्या रांगा आपण पाहिल्याच आहेत. एक ट्रक पोचेना म्हणून मागोमाग दुसरा धाडला, तर त्या रस्त्याचे काय होईल? संगणकांच्या जाळ्यात नेमके तेच घडले. ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे, जेमतेम 400 यार्डांवरील दोन संस्थांमधला वेग सेकंदाला 32,000 बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. पोच न आलेली पाकिटे संगणक उतावीळपणे पुनःपुन्हा पाठवीत राहिले आणि वाट अधिकच तुंबली. व्हॅन जेकबसन यांनी 1988 साली उपाय मांडला : पोच येईल तसतसा ओघ वाढवावा, पाकीट हरवताच तो आवरावा. पेडण्यातल्या संगणकावर आज उमटणारे पान बहुधा ह्याच शिस्तीने येते.