वाल्टर बाउअर : कोशकार आणि पाखंडाचा इतिहासकार

एखाद्या संशोधकाची थोरवी त्याला इतरांनी किती वेळा उद्धृत केले यावरून मोजण्याची रीत आता विद्यापीठांतून चांगलीच रुजली आहे. प्रारंभिक ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाला ही मोजपट्टी लावावयाची म्हटले, तर जर्मन पंडित वाल्टर बाउअर (१८७७–१९६०) यांच्यापाशी ती प्रथम अडखळते.

बाउअर १९१६ पासून ग्योटिंगेन येथे प्राध्यापक होते. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग एका कोशात गेला. एर्विन प्रॉइशेन यांनी १९१० मध्ये पूर्ण केलेल्या नव्या कराराच्या ग्रीक-जर्मन कोशाची सुधारित आवृत्ती त्यांनी १९२८ मध्ये काढली. १९३७ च्या आवृत्तीपर्यंत मूळ ग्रंथ इतका पालटला होता की त्यावर एकट्या बाउअरांचे नाव आले. १९५७ मध्ये आर्न्ट व गिंग्रिच यांनी तो इंग्रजीत आणला आणि २००० मध्ये डँकर यांनी त्याची तिसरी इंग्रजी आवृत्ती सिद्ध केली. आज जगभरचे विद्यार्थी तो चार आद्याक्षरांनी ओळखतात. त्यांतले पहिले अक्षर बाउअरांचे, हे कित्येकांच्या ध्यानीही नसते. कोशकाराच्या वाट्याला येणारा मान बहुधा असाच निनावी असतो. शब्दाचा अर्थ पाहून घेणारा वाचक प्रत्येक वेळी तळटीप देत नाही.

याच गृहस्थांनी १९३४ मध्ये आद्य ख्रिस्ती धर्मातील प्रमाणमत व पाखंड यांवर एक ग्रंथ लिहिला. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियसने घालून दिलेली समजूत अशी, की शुद्ध मत आधीचे आणि पाखंड ही त्यातून मागाहून निघालेली विकृती. बाउअरांनी विचारले : प्रत्येक प्रांतात खरोखर असेच घडले काय? त्यांच्या मते, पुढे पाखंड ठरलेले मत कित्येक ठिकाणी आधीपासून नांदत होते. ‘प्रमाण’ मत तेथे उशिरा पोहोचले आणि त्याच्या विजयात रोमच्या चर्चचा हात मोठा होता.

त्यांचे एदेस्सावरील प्रकरण अजूनही वाचनीय आहे. राजा अबगार आणि येशू यांच्यातील पत्रव्यवहार युसेबियसने त्या नगरीच्या दफ्तरातला म्हणून दिला. बाउअरांनी तो बाजूला सारून स्थानिक बखर उघडली. तिच्यात मार्सियन, बार्दैसान व मानी यांची नोंद आधी येते. बिशप कूने थेट चौथ्या शतकाच्या आरंभी दिसतो. शिवाय पुढे जे ‘प्रमाण’ ठरले त्यांना तेथे पालूत नावाच्या पुढाऱ्यावरून ‘पालूतपंथी’ म्हणत असत. ‘ख्रिस्ती’ हे नुसते नाव दुसऱ्यांनीच व्यापले होते. (संत थॉमसला हिंदुस्थानात आणणारी ‘थॉमसची कृत्ये’ ही जुनी कथा बहुधा याच सीरियाक परिसरातील, म्हणून आपल्याकडील अभ्यासकांना हे प्रकरण अगदीच परके नाही.)

ग्रंथाचे नशीब मात्र विचित्र. बुल्टमान यांनी त्याचे निष्कर्ष स्वीकारले. इंग्लंडात टर्नर यांनी १९५४ मध्ये त्यावर सविस्तर टीका केली. १९६४ मध्ये श्ट्रेकर यांनी दोन परिशिष्टे जोडून दुसरी आवृत्ती काढली. इंग्रजी भाषांतर निघाले ते १९७१ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. मधल्या काळात, १९४५ साली, नाग हम्मादी येथे कॉप्टिक हस्तलिखिते सापडली आणि आद्य ख्रिस्ती मतांच्या वैविध्याचा प्रश्न नव्याने पेटला. मग कॉस्टर व रॉबिन्सन यांच्यापासून एहरमन यांच्यापर्यंत बाउअरांचे नाव सतत येत राहिले. बाउअर चुकले, असे सांगण्याकरिता टॉमस रॉबिन्सन यांनी १९८८ मध्ये, तर क्योस्टेनबर्गर व क्रूगर यांनी २०१० मध्ये अख्खे ग्रंथ लिहिले.

या टीकेत तथ्य आहे. इजिप्तविषयी बाउअरांचा युक्तिवाद बव्हंशी पुराव्याच्या मौनावर उभा होता. रॉबर्ट्स यांनी १९७९ मध्ये पपायरसांच्या आधारे ते मौन बरेच भेदले. पहिल्या-दुसऱ्या शतकातील रोमला त्यांनी दिलेले सामर्थ्यही अतिरिक्त वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांची उत्तरे आता फारशी टिकत नाहीत. प्रश्न मात्र टाळून कोणाला पुढे जाता आलेले नाही. उल्लेखांच्या मोजदादीत हा भेद उमटत नाही. तेथे शिष्याचे अवतरण एक आणि खंडनकर्त्याचेही एकच. कोश रोज हाताळणाऱ्यांची तर गणतीच होत नाही.

बाउअरांचा विषयच असा होता की त्यातील माणसे आपल्याला विरोधकांच्या अवतरणांतूनच भेटतात. मार्सियनचा एकही ग्रंथ उरलेला नाही. टर्टुलियनने त्याचे खंडन करावयास पाच भाग लिहिले आणि खोडून काढण्याकरिता का होईना, त्याची विधाने पुढे ठेवली. मुख्यतः अशाच सामग्रीवरून हारनाक यांनी १९२१ मध्ये मार्सियनची पुनर्रचना केली, आणि बाउअरांना आपला पाखंडी अभ्यासावयास मिळाला तो त्याच्या शत्रूने जपून ठेवलेला.