वक्फ अलल औलाद : कायद्याचा इतिहास आणि आपण

आपल्या पश्चात मुलाबाळांचे कसे होईल, ही चिंता प्रत्येक पालकाला असते. शरीयतने त्यासाठी वारसाहक्क, हिबा, वसियत आणि वक्फ असे मार्ग सांगितले आहेत. यांपैकी वक्फ अलल औलाद, म्हणजे स्वतःच्या संततीसाठी केलेला वक्फ, याचा आपल्या देशातील इतिहास विद्यार्थ्यांनी व पालकांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे.

या विषयाचे मूळ हदीसमध्ये सापडते. हजरत उमर (रजि.) यांना खैबर येथे जमीन मिळाली, तेव्हा तिचे काय करावे असे त्यांनी पैगंबरसाहेबांना (स.) विचारले. मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न दान करावे, असा सल्ला मिळाला. ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही आणि वारसांत वाटायची नाही, असे ठरले. उत्पन्नाच्या हक्कदारांत गरीब, मुसाफिर व पाहुणे यांच्याबरोबर नातेवाईकही होते. पुढील सारा वाद याच एका मुद्द्याभोवती फिरला.

इंग्रजी अमलात असे दस्त कोर्टापुढे येऊ लागले. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने धर्मादाय म्हणजे लोकांसाठी केलेले दान. घरच्यांसाठी पिढ्यान्पिढ्या मालमत्ता बांधून ठेवणे त्या कायद्याला मान्य नव्हते. उलट, आपल्या माणसांचे पोषण करणे हेदेखील पुण्यकर्म होय, अशी इस्लामी कायद्याची धारणा. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती अमीर अली यांनी हीच बाजू हिरीरीने मांडली. परंतु 1894 साली अबुल फता खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यांचे मत नाकारले. दोन भावांनी केलेल्या त्या वक्फात सारा वंश संपल्यानंतरच गोरगरिबांना लाभ मिळणार होता. गरिबांचा हा वाटा केवळ नावापुरता आहे, असे ठरवून लॉर्ड हॉबहाउस यांनी तो वक्फ रद्द ठरवला.

या निकालाने अशा असंख्य दस्तांचा पाया डळमळीत झाला. ज्या घराण्यांनी वक्फाच्या भरवशावर निर्वाहाची सोय केली होती, त्यांच्या जमिनींवर वाटणीचे व विक्रीचे संकट आले. मौलाना शिबली नोमानी यांनी या प्रश्नावर लेखन करून जनमत जागे केले. मुंबई इलाख्यातील मुसलमानांचे प्रतिनिधी बॅरिस्टर महंमदअली जिना यांनी मार्च 1911 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. दोन वर्षांनी, मार्च 1913 मध्ये, मुसलमान वक्फ मान्यता कायदा मंजूर झाला. गरिबांचा लाभ वंश संपेपर्यंत लांबला, एवढ्याच कारणाने वक्फ रद्द होणार नाही, असे त्यात स्पष्ट केले गेले. मात्र अंतिम लाभ गरिबांसाठी किंवा कायमस्वरूपी धार्मिक वा धर्मादाय कामासाठी राखलेला असला पाहिजे, ही अट कायम राहिली. पुढे 1922 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की हा कायदा जुन्या वक्फांना लागू नाही. ती उणीव भरून काढण्यास 1930 चा कायदा यावा लागला. एका निकालाचा परिणाम निस्तरण्यास अशी छत्तीस वर्षे लागली.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. काही ठिकाणी वक्फाचा उपयोग मुलींचा हिस्सा बुडवण्यासाठी किंवा सावकाराला हुलकावणी देण्यासाठी झाला. कुराणात मुलीचा हिस्सा नेमून दिलेला आहे. तो टाळण्यासाठी वक्फाचे नाव घेणे म्हणजे पुण्याच्या नावाने अन्याय करणे होय. 2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्यात, वक्फ अलल औलादमुळे स्त्रियांसह कोणत्याही वारसाचा हक्क डावलला जाऊ नये, असे कलम आले. त्या कायद्यातील इतर तरतुदींविषयी मतभेद आहेत. परंतु ही एक गोष्ट आपण कायद्याची वाट न पाहता स्वतःहून पाळायला हवी होती.

आता थोडे व्यवहाराविषयी. मृत्युपत्राला आपण वसियत म्हणतो. कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतीच ती करता येते. त्याहून अधिक द्यायचे तर वारसांची संमती लागते. हजरत साद (रजि.) यांना पैगंबरसाहेबांनी (स.) हीच मर्यादा सांगितली आणि एक तृतीयांशही पुष्कळ आहे, असे बजावले. वारसांना लोकांपुढे हात पसरावे लागू नयेत, हा त्यामागील हेतू. वसियत तोंडीही चालते. पण तोंडी शब्द शाबीत करता करता भावाभावांत वैर येते. म्हणून ती साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवावी. कुलमुखत्यारपत्राविषयीही मोठा गैरसमज आढळतो. सर्वसाधारणपणे ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. ते मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही.

पालकहो, चार कागद वेळीच नीट करून ठेवावेत, जाणत्या वकिलाला दाखवावेत आणि घरातील मुलींनाही वाचून दाखवावेत. जो दस्त मुलीला वाचून दाखवताना संकोच वाटेल, तो सही करण्यापूर्वीच बदलावा.