कचेरी आणि कोर्ट : एकाच खुर्चीचा इतिहास

पालघर-बोईसर भागात ‘कचेरीत जाणे’ आणि ‘कोर्टात जाणे’ या आज दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातबाऱ्यासाठी कचेरी, खटल्यासाठी कोर्ट. इंग्रजी अमलात मात्र गावकऱ्याला हा फरक करता येत नसे. आजचा पालघर तालुका म्हणजे मोठ्या अंशी तेव्हाचा माहीम तालुका. त्याची कचेरी आधी केळवे-माहीमच्या माहीमला होती, नंतर ती रेल्वे स्टेशनाजवळ पालघरला आली. सारा भरायचा तिथे, सरकारी खजिना तिथे, कैद्यांची कोठडी तिथे आणि फौजदारी खटल्याचा निकालही तिथेच. सारा वसूल करणारे मामलेदारच मॅजिस्ट्रेट म्हणून निकाल देत.

ही व्यवस्था अपघाताने आलेली नव्हती. फौजदारी प्रक्रिया संहितेने मॅजिस्ट्रेटांचे तीन वर्ग केले होते. १८९८च्या संहितेप्रमाणे पहिल्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट दोन वर्षे कैद व १००० रुपये दंड देऊ शके, दुसऱ्या वर्गाचा सहा महिने व २०० रुपये, तिसऱ्या वर्गाचा एक महिना व ५० रुपये. मामलेदार, प्रांत आणि सर्वांच्या वर कलेक्टर ही महसुलाची उतरंड. तीच माणसे मॅजिस्ट्रेटांच्याही उतरंडीत होती. ठाण्याचा कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट आणि जिल्ह्याच्या पोलिसांवर देखरेखही त्याचीच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने दिलेल्या शिक्षेवर अपील करायचे, तर तेही जिल्हा मॅजिस्ट्रेटकडेच. म्हणजे मामलेदाराची बढती-बदली ज्याच्या शेऱ्यावर ठरायची, त्याच्याकडेच त्याच्या निकालाविरुद्ध दाद मागायची.

खून-दरोड्यासारखे मोठे गुन्हे सेशन्स कोर्टात जात, जमीनजुमल्याचे दिवाणी दावे सबजज्जाकडे. पण गरीब माणसाचा सरकारशी रोज संबंध यायचा तो लहान गुन्ह्यांतून. १८७८ साली जंगल कायदा आला, त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला, १८९०मध्ये मिठाचा कायदा आला. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात डोंगराकडे जंगल, किनाऱ्याला मिठागरे आणि मध्ये ताड-माड-शिंदीची झाडे. सरपण, ताडी आणि मीठ या तिन्ही रोजच्या गोष्टी परवान्याखाली आल्या. ठाणे-कुलाब्यातील जंगलाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५मध्ये सरकारला मुंबई जंगल कमिशन नेमावे लागले. तरीही परवाना नसलेल्याचा खटला चाले तो मामलेदार-प्रांतांसमोरच. सरकारचे उत्पन्न बुडाले हा आरोप आणि सरकारचे उत्पन्न सांभाळणारा हाच न्यायाधीश!

शिक्षेचे आकडे कागदावर लहान दिसतात, म्हणून ते मजुरीच्या मापाने मोजून पाहावेत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारली शेतकऱ्यांची परिषद भरली. त्या लढ्यातली मागणी होती दिवसाला निदान बारा आणे मजुरी. हाती पडत होते ते यापेक्षाही कमी, वेठबिगारीत तर काहीच नाही. बारा आण्यांचा दर धरला तरी ५० रुपयांचा दंड म्हणजे सदुसष्ट दिवसांची मजुरी, २०० रुपये म्हणजे जवळजवळ नऊ महिन्यांची. अशा माणसाला सावकाराकडून कर्ज नाहीतर कोठडी, एवढेच दोन पर्याय उरत.

हाच साचा साम्राज्यात इतरत्रही दिसतो. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत १८४९पासून आफ्रिकी लोकांकडून झोपडीपट्टी, म्हणजे दर झोपडीमागे कर, घेतला जाई. वसुली करायची मॅजिस्ट्रेटने आणि लहान खटलेही त्यानेच चालवायचे. १९०६च्या जानेवारीत डोईपट्टीची वसुली सुरू झाली तीही मॅजिस्ट्रेटांमार्फतच. त्यातून बंबाथाचे बंड पेटले. आपल्या आणि त्यांच्या कायद्यांत फरक पुष्कळ, पण कराची पावती आणि शिक्षेचा हुकूम एकाच हातातून सुटे, हे दोन्हीकडे सारखे.

या गोष्टीवर टीका झाली नाही असे नाही. काँग्रेसने १८८६च्या दुसऱ्याच अधिवेशनात कारभार आणि न्याय वेगळे करण्याची मागणी केली. सरकारपक्षाचे म्हणणे असे की शिक्षेचा अधिकार काढला तर जिल्ह्याधिकाऱ्याचा दरारा जाईल. दरारा टिकला, पण लोकांच्या मनात कचेरी ही न्यायाची जागा कधी झाली नाही. १४ ऑगस्ट १९४२ला पालघरला मोर्चा निघाला तो कचेरीकडेच. सरकार म्हणून लोकांनी जे काही पाहिले होते, ते सारे त्या एका इमारतीत होते. पोलिसांच्या गोळीबारात काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ५०व्या कलमाने न्याय आणि कारभार वेगळे करण्याची दिशा दिली. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१मध्ये कायदा केला. १ एप्रिल १९७४पासून नव्या संहितेने ही विभागणी देशभर आणली. खटले न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेले. तहसीलदार ‘कार्यकारी दंडाधिकारी’ म्हणून उरला.

पण हे उरणे लहान नाही. ‘चॅप्टर केस’ हा शब्द बोईसरच्या कामगार वस्तीत आणि किनाऱ्यावरच्या पाड्यांत सर्वांना ठाऊक आहे. शांतताभंगाच्या शक्यतेवरून माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे आणि चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड लिहून घ्यायचा. गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, मात्र हुकमाप्रमाणे हमी दिली नाही तर कोठडी मिळू शकते. जुन्या संहितेतील १०७ आणि ११० ही कलमे १ जुलै २०२४पासून नव्या कायद्यात १२६ आणि १२९ झाली, १४४चे १६३ झाले. आकडे बदलले, खुर्ची तीच राहिली.

त्या खुर्चीचा एक उपयोगही नोंदवायला हवा. शेताची वहिवाटीची वाट अडवली तर १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली आजही तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि मोठ्या दिवाणी दाव्यापेक्षा तो मार्ग गरिबाला जवळचा आहे. म्हणून दोष जवळच्या कोर्टाचा नाही. जो पोलीस अहवालावर कारभार चालवतो, त्यानेच त्या अहवालाचा खरेखोटेपणा तपासायचा, दोष आहे तो इथे. शिक्षा देण्याचे काम आपण कचेरीतून काढून घेतले, पण संशयावरून माणसाला बांधून ठेवण्याचे काम तिथेच ठेवले. विभागणीचे उरलेले काम हेच आहे. २०१४च्या १ ऑगस्टला पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या. चॅप्टर केसची नोटीस घेऊन त्यांच्या पायऱ्या चढणाऱ्याला मात्र अजून तोच जुना प्रश्न पडतो : समोर बसलेले साहेब न्यायाधीश आहेत की सरकार?