माउंट व्हर्ननची बाग आणि तिचे माळी

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या मराठी आईवडिलांच्या सहलीत वॉशिंग्टन शहर बहुधा असतंच. कॅपिटॉल, व्हाइट हाउस, लिंकनचं स्मारक बघून झालं, की गाडी पोटोमॅक नदीच्या काठाने दक्षिणेकडे निघते आणि पंचवीसेक किलोमीटरवर माउंट व्हर्नन येतं. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं हे राहतं घर. लांबलचक हिरवळीच्या टोकाला लाल छपराचा पांढरा वाडा, मागे रुंद नदी. फोटो काढून होतात, वाड्यातून एक चक्कर होते आणि मंडळी परतीला लागतात. पण या जागेचा खरा इतिहास वाड्यात आहे त्याहून जास्त बागेत आहे.

घराची सुरुवात इंग्रजी अमलातली. जॉर्जचे वडील ऑगस्टीन वॉशिंग्टन यांनी १७३४ मध्ये, व्हर्जिनिया ही इंग्लंडची वसाहत असताना, इथे दीड मजली घर बांधलं. थोरला सावत्र भाऊ लॉरेन्स इंग्रजी आरमारातल्या अ‍ॅडमिरल व्हर्ननच्या हाताखाली लढून आला होता. त्याने आपल्या सेनानीचं नाव मळ्याला दिलं. पुढे ज्याने इंग्रजांचं राज्य उलथवलं, त्या धाकट्या भावानेही ते कधी बदललं नाही. घराची पूर्ण मालकी जॉर्जकडे आली १७६१ मध्ये. आपल्याकडे ते वर्ष पानिपताचं, आणि थोरल्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेही.

छप्पर चढवून जॉर्जने घर उंच केलं, पुढे दोन्ही बाजूंना वाढवलं, नदीच्या अंगाला आठ खांबांची दुमजली उंचीची ओसरी काढली. वाडा दुरून दगडी वाटतो. जवळ गेलं, की कळतं, सगळं लाकूड आहे. पाइनच्या फळ्यांना चिऱ्यांच्या सांध्यांसारख्या खाचा पाडल्या, त्यावर रंग दिला आणि रंग ओला असतानाच बारीक वाळू उडवली. ती वाळू रंगात बसली, की भिंतीला दगडाचा खरबरीतपणा येतो. मधल्या दिवाणखान्यात पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाची लोखंडी किल्ली आहे. फ्रेंच सेनानी लाफायेतने १७९० मध्ये ती भेट म्हणून पाठवली.

बागेचं वेड मात्र वॉशिंग्टन यांचं स्वतःचं. १७५९ मध्येच त्यांनी लंडनहून बॅटी लँगलीचं उद्यानरचनेवरचं पुस्तक मागवलं होतं. स्वातंत्र्ययुद्ध संपवून घरी परतल्यावर १७८५ च्या सुमारास त्यांनी घरापुढचा सरळ रस्ता मोडला आणि हिरवळीच्या दोन्ही कडांनी वळणं घेत जाणारी वाट आखली. कडेला लावायची झाडं आपल्याच रानातून उपटून आणवली. हिरवळीच्या दोन बाजूंना विटांच्या भिंतींनी वेढलेल्या, ढालीच्या आकाराच्या दोन बागा. खालची बाग स्वयंपाकघराची, भाजीपाल्याची. वरची आधी फळझाडांची होती, तिथे नंतर फुलं आली. गुलामवस्तीच्या मागे एक तिसरी, लहानशी बाग होती. नवं बियाणं आधी तिथे पेरून बघायचं, रुजलं तर शेतात न्यायचं.

वरच्या बागेत गेल्या शतकातले पाहुणे कातरलेल्या कुंपणांच्या नक्षीत गुलाब बघत आले. ती सगळी पुढच्या पिढ्यांची हौस होती. पुरातत्त्वज्ञांनी माती थराथराने उकरली तेव्हा जुन्या वाफ्यांच्या कडा सापडल्या: रुंद, आयताकृती, साधे वाफे. त्यांच्या आधाराने २०११ मध्ये बाग नव्याने मांडली गेली. आता वाफ्यांच्या मधोमध भाज्या असतात आणि कडेने फुलांच्या पट्ट्या. लोकांच्या आवडीची गुलाबबाग मोडून खरी बाग उभी करायला धैर्य लागतं. संग्रहालयाने ते दाखवलं, याचं कौतुक करायला हवं.

याच बागेच्या उत्तर अंगाला हरितगृह आहे, आणि माउंट व्हर्ननमधली सर्वांत बोलकी वास्तू हीच. १७८७ मध्ये ते बांधून झालं. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उंच खिडक्या, त्यातून येणारं हिवाळ्याचं ऊन, आत संत्र्या-लिंबांची झाडं. व्हर्जिनियाच्या थंडीत एवढ्याने भागत नाही. म्हणून मागच्या खोलीत चूल पेटवायची आणि तिची गरम हवा फरशीखालच्या पोकळ मार्गाने झाडांपर्यंत खेळवायची, अशी रचना केलेली होती. गारठ्याच्या रात्री कुणाला तरी त्या चुलीत लाकडं सारत जागावं लागे. ते काम गुलामांचं. १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच हरितगृहाच्या दोन्ही बाजूंना विटांच्या खोल्या काढून गुलामांची राहण्याची सोय केली गेली. एका छपराच्या ओळीत मध्ये संत्र्याची झाडं, बाजूला माणसं. झाडांसाठी फरशीखालून ऊब, माणसांना खोलीमागे एक शेकोटी.

बागेवर पगारी माळीही असत. १७८७ मध्ये फिलिप बेटर नावाच्या माळ्याशी झालेला करार उपलब्ध आहे. एरवी वर्षभर दारूने झिंगायचं नाही, पण नाताळात चार दिवस आणि चार रात्री पिण्यासाठी चार डॉलर मिळतील आणि ईस्टरला दोन, असं त्यात लिहून दिलेलं आहे. जेवण, कपडालत्ता, सगळं कागदावर. त्याच वाफ्यांत त्याच्या शेजारी राबणाऱ्या गुलामांपाशी असा कागद नव्हता.

१७९९ मध्ये वॉशिंग्टन यांनी मळ्यावरच्या गुलामांची यादी केली. सुमारे आठ हजार एकरांवर, पाच शेतवाड्यांत मिळून ३१७ माणसं. त्यातली १२३ त्यांच्या मालकीची, बरीचशी पत्नी मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली, उरलेली भाड्याने आणलेली. मार्थाची दासी ओना जज १७९६ मध्ये फिलाडेल्फियातून निसटली. वर्तमानपत्रात जाहिरात देऊनही ती हाती लागली नाही. नामांकित आचारी हर्क्युलीस २२ फेब्रुवारी १७९७ ला माउंट व्हर्ननमधून पळाला. तो दिवस मालकाच्या पासष्टाव्या वाढदिवसाचा. आपल्या गुलामांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करावं, असं वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात लिहिलं. मार्थाने त्याआधीच, १ जानेवारी १८०१ रोजी त्यांना सोडलं. पण पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतल्या लोकांना मुक्त करायचा हक्क दोघांनाही नव्हता. मार्था गेल्यावर ती माणसं तिच्या नातवंडांत वाटली गेली. लग्नं दोन्हींकडच्या माणसांत झालेली असल्यामुळे कित्येक कुटुंबं त्यात फुटली.

पुढची पन्नास वर्षं पडझडीची. हरितगृह १८३५ मध्ये जळालं. आज उभं आहे ते १९५१ मध्ये पुन्हा बांधलेलं. १८५३ मध्ये नदीतून बोटीने जाणाऱ्या लुइसा कनिंगहॅम या बाईंना वाड्याची दुर्दशा दिसली आणि त्यांनी मुलीला पत्र लिहिलं. मुलगी अ‍ॅन पामेला हिने वर्तमानपत्रातून बायकांना हाक दिली. व्हर्जिनिया सरकार आणि अमेरिकन काँग्रेस, दोघांनीही घर विकत घ्यायचं टाळलं होतं. ते या बायकांनी दोन लाख डॉलर जमवून १८५८ च्या करारान्वये घेतलं, तेही मतदानाचा हक्क मिळायला अजून साठेक वर्षं असताना. वाडा आजही त्यांच्याच संस्थेच्या ताब्यात आहे आणि सरकारी अनुदानाविना चालतो. मात्र अ‍ॅन पामेला स्वतः दक्षिणेतल्या मळेवाल्या, गुलाम बाळगणाऱ्या घरातली होती. तिला वाचवायचा होता तो राष्ट्रपित्याचा वाडा. गुलामवस्तीची आठवण फार उशिरा आली.

वॉशिंग्टन यांच्या समाधीपासून चार पावलांवर, झाडीत, गुलामांची दफनभूमी आहे. १९२९ मध्ये तिथे एक साधी शिळा बसवली गेली. १९८३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आखलेलं स्मारक उभं राहिलं. २०१४ पासून पुरातत्त्वज्ञ वरची माती हलक्या हाताने सारून, अस्थींना धक्का न लावता एकेक कबर नोंदवत आहेत. कबरींवर नावं नाहीत.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. त्या ग्रंथाच्या भाषेत वाढलेल्या माणसाने माउंट व्हर्ननला जाऊन फक्त वाडा बघून परत येऊ नये. हातात तासभर जादा ठेवा. हरितगृहाशेजारच्या त्या खोल्यांत जरा थांबा, आणि समाधीवरून पुढे दफनभूमीपर्यंत जरूर चालत जा.