‘ऑटिझमग्रस्त’, ‘स्वमग्न’ की ‘ऑटिस्टिक’? रोजच्या बोलण्यात नेमकं काय म्हणायचं?

पानशेत म्हटलं की पुण्यातल्या जुन्या माणसांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे १२ जुलै १९६१ ची सकाळ आणि दुसरी म्हणजे ‘पूरग्रस्त’ हा शब्द. आंबी नदीवरचं पानशेत धरण त्या दिवशी फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि मुठेच्या काठचं पुणं पाण्याखाली गेलं. गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत घरं गमावलेल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. तिथल्या सोसायट्यांना तिसऱ्या पिढीतही ‘पूरग्रस्तांच्या सोसायट्या’च म्हणतात. धरणाच्या वरच्या अंगाला, वेल्हे तालुक्यात (ज्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे) ज्यांच्या जमिनी जलाशयात गेल्या, ते ‘धरणग्रस्त’.

ग्रस्त म्हणजे ग्रासलेला. पूर, दुष्काळ, भूकंप, धरण. बाहेरून काहीतरी आलं आणि चांगल्या चाललेल्या आयुष्यावर कोसळलं, असं सांगायला मराठीत हा शब्द अगदी चपखल आहे. म्हणूनच ‘ऑटिझमग्रस्त मुलाने रंगवलं चित्र’ अशी बातमी वाचली की अनेक पालक आणि ऑटिस्टिक व्यक्ती अस्वस्थ होतात. ऑटिझम बाहेरून येऊन कोसळत नाही. आधी एक ‘ठीकठाक’ मूल होतं आणि मग त्याला कशानं तरी ग्रासलं, असं ते नसतं. मेंदूची जडणघडणच वेगळ्या पद्धतीनं झालेली असते आणि ती आयुष्यभर तशीच राहते.

मग म्हणायचं काय? मराठीत पर्याय बरेच आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात एक वेगळा अर्थ दडलेला आहे.

आधी थोडक्यात: ऑटिझम म्हणजे काय?

ऑटिझम ही मेंदूच्या विकासाशी संबंधित अवस्था आहे. इतरांशी संवाद साधण्याची आणि नाती जोडण्याची पद्धत वेगळी असणं, ठरावीक गोष्टींची तीव्र आवड, त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करणं, ठरलेला क्रम बदलला की त्रास होणं, आणि आवाज, उजेड, स्पर्श, वास यांची संवेदना खूप जास्त किंवा खूप कमी असणं, ही त्याची मुख्य लक्षणं. व्यक्तीगणिक त्यांचं प्रमाण आणि मिश्रण बदलतं, म्हणून ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द वापरतात. एखादी व्यक्ती अजिबात बोलत नाही, तर दुसरी आयटी कंपनीत टीम सांभाळते आणि संध्याकाळी घरी येऊन दोन तास अंधाऱ्या खोलीत बसते. दोघीही स्पेक्ट्रमवर असू शकतात.

‘स्वमग्न’ शब्द कुठून आला?

स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘ऑटिझम’ हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. त्यांनी तो वापरला होता स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी, जगापासून तुटून आत वळलेल्या मनाचं वर्णन करायला. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरच्या आपल्या लेखात हाच शब्द उचलला, आणि स्किझोफ्रेनियाशी संबंध नसलेल्या एका वेगळ्या अवस्थेला ते नाव कायमचं चिकटलं.

मराठीतला ‘स्वमग्न’ म्हणजे त्या ग्रीक शब्दाचं जवळपास शब्दशः भाषांतर. हिंदी कायद्यांत ‘स्वपरायणता’ आहे, तोही त्याच घराण्यातला. मराठीत स्वमग्न हा शब्द शाळांच्या पाट्यांवर, सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत चांगला रुळला आहे. ऐकायला तो सुंदर आहे, यात वाद नाही. कामात मग्न, ध्यानमग्न, तसा स्वमग्न.

अडचण तिथेच आहे. मग्न होणं ही माणसाची निवड असते. स्वमग्न म्हटलं की ‘याला कुणाची गरज नाही, हा स्वतःतच खूश आहे’ असं चित्र उभं राहतं. टीका करताना आपण स्वमग्न पुढारी किंवा स्वमग्न लेखक म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ सरळ सरळ ‘आत्मकेंद्री’ असा असतो. प्रत्यक्षात अनेक ऑटिस्टिक मुलांना माणसं हवी असतात, मैत्री हवी असते. फक्त जवळ जायची त्यांची रीत समोरच्याला कळत नाही. आणि मग्न म्हणावं तर ती स्वतःत कमी, बाहेरच्या गोष्टींत जास्त असतात. पीएमपीच्या सगळ्या बसचे नंबर आणि थांबे पाठ असलेल्या मुलाला ‘स्व’मग्न तरी कसं म्हणायचं?

तरीही हा शब्द टाकून द्यावा, असं म्हणणं घाईचं ठरेल. आजी-आजोबांना ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसॉर्डर’पेक्षा ‘स्वमग्न’ लवकर समजतो. कुणी तो आपुलकीनं वापरत असेल तर भर कार्यक्रमात त्याला दुरुस्त करत बसण्याची गरज नाही. लिहिताना, विशेषतः बातमी किंवा पोस्ट लिहिताना, ‘ऑटिझम’ हा शब्द जास्त नेमका आहे, इतकंच.

‘तिला ऑटिझम आहे’ की ‘ती ऑटिस्टिक आहे’?

जगभर सर्वांत जास्त वाद होतो तो या मुद्द्यावर. ‘आधी माणूस, मग अपंगत्व’ या विचारातून ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ हा प्रयोग आला. डॉक्टर, शिक्षक, संस्था यांनी तो उचलून धरला. पण अनेक ऑटिस्टिक प्रौढांना तो पटला नाही. अमेरिकेतले ऑटिस्टिक कार्यकर्ते जिम सिंक्लेअर यांनी १९९० च्या दशकातच आपला आक्षेप मांडला. ऑटिझम ही काही आपल्यापासून बाजूला काढून ठेवता येईल अशी पिशवी नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ३,४७० जणांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ऑटिस्टिक प्रौढांचा कल ‘ऑटिस्टिक’ या शब्दाकडे होता, तर व्यावसायिकांचा ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’कडे. सर्वांना मान्य होईल असा एकही शब्द मात्र सापडला नाही.

मराठीत हा वाद थोडा वेगळा बसतो, कारण आपलं व्याकरण वेगळं आहे. ‘तिला ताप आहे’, ‘तिला मधुमेह आहे’ या वाक्यांच्या ओळीत ‘तिला ऑटिझम आहे’ बसवलं की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग औषध काय चालू आहे? बरी कधी होणार?’ याउलट ‘ती डावखुरी आहे’ म्हटल्यावर ती बरी कधी होणार, असं कुणी विचारत नाही. ‘ती ऑटिस्टिक आहे’ हे वाक्य या दुसऱ्या ओळीत बसतं. पण ‘तिला सुरांची जाण आहे’ हेही मराठीच, आणि त्यात आजार कुठेच नाही. त्यामुळे ‘ला’ लावला म्हणून वाक्य अपमानास्पद होत नाही. ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘ऑटिझमचा रुग्ण’, ‘ऑटिझमशी झुंजणारा’ हे टाळलं तरी बरंच काम होतं. समोरची व्यक्ती स्वतःबद्दल जो शब्द वापरते, तो आपण वापरावा, हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

मतिमंद, गतिमंद, ‘चौकट राजा’ आणि गोंधळ

एका अख्ख्या मराठी पिढीनं अशा मुलांबद्दल पहिल्यांदा विचार केला तो ‘चौकट राजा’ पाहून. १९९१ च्या त्या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला नंदू बौद्धिक अक्षमता असलेला आहे, आणि तीही लहानपणी डोक्याला मार लागल्यामुळे. २०१४ च्या ‘यलो’मधल्या नायिकेला डाउन सिंड्रोम आहे. जलतरणपटू गौरी गाडगीळच्या आयुष्यावर तो बेतलेला आहे. यातलं काहीच ऑटिझम नाही. पण बोलण्यात सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरला जायचा, ‘मतिमंद’. ‘गतिमंद’ हा त्याचा जरा मवाळ भाऊ. गावाकडे खुळं, येडं, ‘देवाचं लेकरू’, नाहीतर थेट ‘बाहेरची बाधा’.

ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींमध्ये दोन्ही असतात, अनेकांमध्ये नसतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं जुना ‘मानसिक मंदता’ हा शब्द काढून बौद्धिक अक्षमता हा शब्द घेतला आणि २१ प्रकारच्या अपंगत्वांत ऑटिझमला स्वतंत्र जागा दिली. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण तोवर ‘मतिमंद’ हाच अनेक मुलांसाठी कागदावरचा एकमेव दरवाजा होता.

शब्द चुकला तर फक्त मन दुखावतं असं नाही, मदतीची दिशाही चुकते. तीन वर्षांचं मूल बोलत नाही, नावानं हाक मारल्यावर वळत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘याचा बापही उशिराच बोलला.’ यात दोन वर्षं सहज जातात. त्याच वर्षांत स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली असती तर संवादाचा काहीतरी मार्ग लवकर सापडला असता. तो मार्ग बोलण्याचाच असेल असं नाही, चित्रांच्या कार्डांचा किंवा टॅबलेटचाही असू शकतो.

‘सौम्य’ आणि ‘तीव्र’

‘त्याचा सौम्य आहे ना?’ हा प्रश्न धीर देण्यासाठी विचारला जातो. हे शब्द प्रमाणपत्राच्या भाषेतून आले आहेत. भारतात त्यासाठी ४० मुद्द्यांची एक मोजपट्टी वापरतात. त्यात ७० पेक्षा कमी गुण म्हणजे ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. कागदासाठी ते ठीक. पण ‘सौम्य’ असलेल्याला मदत लागतच नाही आणि ‘तीव्र’ असलेल्याला काही कळतच नाही, असे दोन्ही अर्थ लोक काढतात आणि ते दोन्ही चुकतात. ‘त्याला कशात मदत लागते?’ असं विचारलं तर खरी माहिती मिळते.

‘अस्पर्गर’ हा शब्दही अजून ऐकू येतो, बऱ्याच जणांना तो ‘माय नेम इज खान’मुळे माहीत झाला. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीनं तो वेगळा प्रकार रद्द करून ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये विलीन केला. पुढे २०१८ मध्ये इतिहासकारांनी कागदपत्रांतून दाखवलं की हान्स अस्पर्गर यांनी नाझी राजवटीत काही मुलांना व्हिएन्नातल्या अशा संस्थेत पाठवलं होतं, जिथे अपंग मुलांना मारलं जात असे. त्यानंतर अनेकांनी स्वतःहून ते नाव सोडलं.

रील्सवरचा ‘व्हर्च्युअल ऑटिझम’

सध्या सर्वांत वेगानं पसरणारा शब्द हा. ‘मोबाइल दाखवलात, मुलाला व्हर्च्युअल ऑटिझम झाला’ अशा रील्स तुम्ही पाहिल्या असतील. हे नाव कोणत्याही अधिकृत निदानसूचीत नाही, ना अमेरिकेच्या, ना जागतिक आरोग्य संघटनेच्या. लहान मुलांना तासन्‌तास स्क्रीन देणं वाईटच, त्यानं बोलणं मागे पडू शकतं आणि स्क्रीन कमी केल्यावर सुधारणाही दिसते. पण ते वेगळं आणि ऑटिझम वेगळा.

या शब्दाचा खरा फटका बसतो आईला. १९५० आणि ६० च्या दशकांत ‘आई थंड, मायाळू नाही, म्हणून मूल असं झालं’ हे म्हणणं वैद्यकीय ज्ञान म्हणून खपलं होतं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी ते खोडून काढलं, १९७७ च्या जुळ्यांवरच्या अभ्यासानं आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला. आज कारण बदललं आहे, मायेच्या जागी मोबाइल आला, पण आरोपीच्या पिंजऱ्यात आईच उभी. त्यात पुढच्याच रीलमध्ये ‘९० दिवसांत ऑटिझममुक्त’ अशी जाहिरात असते. ऑटिझम बरा करणारं औषध नाही, आणि स्टेम सेल ही त्यावरची मान्यताप्राप्त उपचारपद्धत नाही.

‘नाटकं करतो’, ‘चाळे करतो’, ‘पोपटासारखं बोलतो’

समजा, पावसाळ्यातला रविवार आहे. पानशेतच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीत वेगळं गाणं, हॉर्न, कणसाच्या गाड्यांचा धूर. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा कान दाबून रस्त्याच्या कडेला खाली बसतो आणि ओरडू लागतो. बघणारा म्हणतो, ‘किती लाडावून ठेवलाय.’ हट्ट आणि हे यांत एक फरक आहे. हट्टी मुलाचं एक लक्ष समोरच्यावर असतं आणि हवं ते मिळालं की तो थांबतो. इथे काही हवंच नसतं, मेंदूला सगळं असह्य झालेलं असतं. अशा वेळी घोळका न करणं आणि मोबाइल खिशात ठेवणं ही मोठी मदत.

हात फडफडवणं, डुलणं, बोटं डोळ्यांसमोर फिरवणं याला ‘चाळे’ म्हणतात. अनेकांसाठी ती स्वतःला शांत ठेवायची पद्धत असते. आणि ‘पोपटासारखं’ बोलण्यामागेही बऱ्याचदा अर्थ असतो. तहान लागलेलं मूल ‘तुला पाणी हवंय?’ असं म्हणतं. पाणी मिळण्याआधी आई दरवेळी हेच वाक्य बोलते, म्हणून त्याच्या लेखी पाणी मागायचं वाक्य तेच. अशा वेळी ‘मला पाणी हवंय’ असं म्हणून पाणी द्यावं, असं थेरपिस्ट सांगतात.

मोठ्यांचं काय?

‘ऑटिझमची मुलं’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की ही मुलं तीस-चाळीस वर्षांची होतात, हे बोलण्यातून गायबच झालं आहे. कायद्यात मात्र ती आहेत. सरकारी नोकऱ्यांतल्या दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणात ऑटिझमचा समावेश असलेल्या गटाला १ टक्का आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. अठरा वर्षांनंतर गरज असेल तर कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. या सगळ्यासाठी लागतं ते दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी प्रत्यक्ष असते. पानशेतच्या कुटुंबाला जिल्हा रुग्णालय गाठायचं तर औंधला, म्हणजे पुणे शहर ओलांडून जावं लागतं. प्रमाणपत्र हातात पडल्यावर त्यावर अपंगत्वाचा प्रकार काय लिहिला आहे, ते तिथून निघण्याआधीच वाचून घ्यावं. ऑटिझमऐवजी फक्त ‘बौद्धिक अक्षमता’ लिहिलं असेल, तर दुरुस्तीसाठी पुन्हा तीच वारी करावी लागते.